गोळ्या कायमच्या चालू झाल्या, आता पुढे काय?

डॉक्टर "ही गोळी आता कायमची" म्हणाले की आजारी माणूस गप्प होतो आणि बाकीचे सगळे बोलायला लागतात. आत्या काढा सांगते. शेजारचे आण्णा कुणाची तरी शुगर कारल्याच्या रसानं "गेली" त्याची गोष्ट सांगतात. व्हॉट्सॲपवर मुळासकट बरं करणाऱ्या वैद्याचा नंबर येतो. या गलक्यात सुरुवातीचे महिने निघून जातात, आणि सवयी लावायच्या असतात त्या नेमक्या याच काळात.

मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, दमा, संधिवात, मूत्रपिंडाचा जुना आजार यांपैकी काहीतरी ज्यांच्या घरात आलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं एवढंच की "कधी बरं होणार?" हा प्रश्न बाजूला ठेवून "कुठल्या आकड्यावर ठेवायचं, आणि ते कोण बघणार?" हा प्रश्न घरात विचारला गेला की अर्धं काम मार्गी लागतं. गोळीचा डोस मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील. तो इथे शोधू नका.

आजाराचा स्वभाव विचारून घ्या

"बरा न होणारा" या एका शब्दात आपण फार वेगवेगळे आजार कोंबतो. टीबीची औषधं महिनोन्‌महिने घ्यावी लागतात, पण पूर्ण कोर्स केला की तो बरा होतो. त्याला या यादीत धरू नका. थायरॉईड कमी झालं असेल तर बहुतेकांना गोळी जन्मभर लागते, पण ती नीट घेणारा माणूस बाकी सर्वांसारखाच जगतो. दमा वर्षानुवर्षं दबून राहतो आणि एखाद्या पावसाळ्यात डोकं वर काढतो. आमवात, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात, सुरुवातीच्या काळातच योग्य औषधानं धरला तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात. उशीर झाला तर झालेली झीज परत येत नाही. फीट येणाऱ्या बऱ्याच जणांच्या गोळ्या काही वर्षांनी बंद होऊ शकतात, पण त्या हळूहळू आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

टाइप २ मधुमेहाची तऱ्हा आणखी वेगळी. आजार नवा असताना वजन चांगलं उतरवलं तर काहींची शुगर औषधाशिवायही ताब्यात राहते. गोळ्या बंद करून किमान तीन महिने एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या शुगरची सरासरी दाखवणारी तपासणी, ६.५ टक्क्यांच्या खाली राहिली तर डॉक्टर त्याला आजार माघारी गेल्याचं मानतात. ही खरीखुरी शक्यता आहे, आणि "मधुमेह मुळासकट घालवू" म्हणणारे याच शक्यतेचं भांडवल करतात. माघारी गेलेला मधुमेह वजन वाढलं की परत येतो, म्हणून तपासण्या दरवर्षी चालूच राहतात.

म्हणून पुढच्या भेटीत सरळ विचारा: डॉक्टर, माझा आजार दबून राहणारा आहे की हळूहळू वाढणारा? औषध कशासाठी आहे, त्रास कमी करायला की पुढचं नुकसान टाळायला? दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा. बीपीची गोळी बहुधा पुढचं नुकसान टाळायला असते, त्यामुळे ती घेऊन "बरं वाटलं" असं काही होत नाही. आणि बरं वाटत नाही म्हणून लोक ती सोडतात.

तुमचा आकडा कागदावर लिहून घ्या

"शुगर कंट्रोलमध्ये ठेवा" या सल्ल्याला आकड्याशिवाय काही अर्थ नाही. मधुमेहात बऱ्याच प्रौढांसाठी एचबीए१सी सातच्या आसपास किंवा त्याखाली ठेवायचं असतं. ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून आदल्या दिवशी जेवण कमी करून तिला फसवता येत नाही. पण आजोबा ऐंशीचे असतील, एकटे राहत असतील, शुगर एकदम खाली जात असेल, तर डॉक्टर मुद्दाम ढिला आकडा ठरवतात. तिशीतल्या नातवाचा आकडा आजोबांना लावायचा नसतो.

रक्तदाबाचं तसंच. दवाखान्यात १४०/९० च्या वर सातत्यानं असेल तर तो जास्त धरतात, आणि उपचारात बऱ्याच जणांचं लक्ष्य १३०/८० च्या जवळ असतं. म्हाताऱ्या माणसाला उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर तिथंही तडजोड होते. दम्यात आकड्याऐवजी प्रश्न विचारायचे: रात्री खोकल्यानं जाग येते का? आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागतो का? उत्तर "हो" असेल तर दमा ताब्यात नाही, मग तुम्हाला कितीही सवय झालेली असो.

तुमचा आकडा फाईलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा. डॉक्टर बदलले, मुलगा पुण्याहून आला, कुणीही फाईल उघडली तरी त्याला पहिल्यांदा तोच दिसला पाहिजे.

एक वही

मोबाईलमधली ॲप्स चांगली असतील, पण आमच्या घरात टिकली ती दोनशे पानी वही. तिच्यात मागच्या बाजूला औषधांची यादी: नाव, किती मिलिग्रॅम, कधी, आणि कशासाठी. हा "कशासाठी"चा रकाना लोक गाळतात, आणि मग दोन डॉक्टरांनी एकाच कामाच्या दोन गोळ्या दिलेल्या असतात ते कुणाच्या लक्षात येत नाही. ब्रँडचं नाव वेगळं असलं तरी आतलं औषध एकच असू शकतं, म्हणून पट्टीवरचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव लिहा. काढे, चूर्णं, टॉनिक, झोपेची गोळी, सगळं त्यात यायला हवं. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलेलं चूर्णच पुढे घोळ घालतं.

पुढच्या बाजूला तारीख, मोजलेला आकडा, आणि काही वेगळं घडलं असेल तर एक ओळ. "लग्नाला गेलो होतो, दोन दिवस गोळी चुकली." एवढं पुरे. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री शेवटच्या पानावर तीन प्रश्न लिहा. ओपीडीत नंबर लागेपर्यंत दोन तास बसलेल्या माणसाला आत गेल्यावर काही आठवत नाही.

घरी बीपी कसं मोजायचं

दंडाला पट्टा लावायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटा वाढतो, म्हणून घेताना दंडाचा घेर मोजून न्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना चढणं बंद. लघवी करून या. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पाय एकावर एक नको. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीवर. मोजताना बोलायचं नाही, आणि हे आमच्या कोल्हापुरात सगळ्यात अवघड जातं. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा.

रोज मोजून घाबरण्यात काही हशील नाही. डॉक्टरांकडे जायच्या आधीचा एक आठवडा सकाळ-संध्याकाळ मोजलं की त्यांना निर्णय घ्यायला पुरेसं मिळतं. सुनेचं, सासूचं, शेजारणीचं, सगळ्यांचं एकापाठोपाठ मोजण्याचा कार्यक्रम करायचा असेल तर तो तुमचं मोजून झाल्यावर करा.

ग्लुकोमीटरचं एकच सांगतो: बोट साबणानं धुऊन कोरडं करा. आंबा कापलेल्या हातानं शुगर मोजली तर आकडा आंब्याचा येतो.

गोळ्या: छोट्या गोष्टी, मोठे घोटाळे

थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा नाही. पहाटे उठल्या उठल्या चहा लागणाऱ्या माणसाला हे जमत नाही. मग गोळी उशाशी ठेवा, पाच वाजता जाग आली की घ्या आणि परत पडा. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर तिच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर हवं. डोस बदलला की टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, सहा ते आठ आठवड्यांनी करतात; आठवड्यात तपासून उपयोग नाही.

आमवातासाठी मेथोट्रेक्सेट दिलं असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर रक्तातल्या पेशी घटतात, तोंडात जखमा होतात, जीवावरही बेततं. वार ठरवा, त्या वाराचं नाव पट्टीवर पेननं लिहा, आणि औषध दुकानदारालाही "आठवड्याला एक" असं तोंडानं सांगा. सोबत फॉलिक ॲसिड देतात ते कुठल्या दिवशी घ्यायचं तेही विचारा. दोन्ही गोळ्या पिवळसर आणि लहान असल्या तर गोंधळ होतो, म्हणून एका डबीत ठेवू नका.

दम्याच्या पंपाबद्दल "सवय लागते" हा समज अजूनही पक्का आहे. सवय लागत नाही. पंपातून औषध थेट फुफ्फुसात जातं, म्हणून ते पोटातल्या गोळीपेक्षा फार थोडं लागतं. रोजचा पंप वेगळा आणि दम लागल्यावरचा वेगळा; डॉक्टरांकडून दोघांवर चिठ्ठी लावून घ्या. दाबून ओढायचा पंप असेल तर हलवा, पूर्ण श्वास सोडा, दाबताना हळू आत ओढा, दहा आकडे मोजेपर्यंत रोखा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला तर लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना खूप सोपं जातं. नंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात बुरशी येते. इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्यांनी आणि हंगामात गुऱ्हाळावर असणाऱ्यांनी डॉक्टरांना कामाचं नाव आवर्जून सांगावं. कापसाची धूळ आणि चुलवणाचा धूर रोज छातीत जात असेल तर नुसतं औषध वाढवून भागत नाही.

काही त्रास औषधाचेच असतात. बीपीच्या एका प्रकारच्या गोळीनं कोरडा खोकला येतो, दुसऱ्या एकीनं घोटे सुजतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. पर्याय असतात, म्हणून गोळी बंद करण्याऐवजी सांगायला जा.

आणि दुकानातून मागून घेतलेली दुखण्याची गोळी. गुडघा दुखला की डायक्लोफिनॅक, कंबर दुखली की आयबुप्रोफेन. बीपी, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असलेल्या माणसानं या गोळ्या महिनोन्‌महिने स्वतःच्या मनानं घेणं म्हणजे किडनीला थेट धोका, शिवाय बीपीही वर जातं. काय चालेल ते एकदा विचारून वहीत लिहून ठेवा.

ताटाचं काय

कोल्हापुरात राहून पथ्य पाळणं हा विषय लोक चेष्टेवारी नेतात. तांबडा-पांढरा रस्सा सोडून जगायचं का? सोडायची गरज बहुतेकांना नसते. हिशेब मात्र करायला लागतो.

मधुमेहात रश्श्यापेक्षा रश्श्याबरोबर काय आणि किती पोटात जातं ते बघा. रस्सा चांगला झाला की भाकरी दोनाची चार होते आणि वर भाताचा डोंगर. म्हणून ताट असं वाढा: अर्ध्या भागात काकडी, कांदा, टोमॅटो, मेथी, पालेभाजी, पाव भागात मटणाच्या फोडी, अंडं किंवा डाळ-उसळ, उरलेल्या पावात एक भाकरी किंवा थोडा भात, दोन्ही नको. शाळूची भाकरी गव्हाच्या पोळीपेक्षा बरी हे खरं, पण तीही शेवटी धान्यच. "भाकरीच आहे" म्हणून चार खाल्ल्या तर शुगर वाढणारच.

गुळाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण हा गुळाचा जिल्हा. सेंद्रिय असो, केमिकल नसलेला असो, काकवी असो; मधुमेहाला गूळ आणि साखर यात फरक जवळजवळ नाही. साखर बंद करून चहात गूळ टाकणारे घरोघरी आहेत. चरकावरचा ग्लासभर उसाचा रसही याच खात्यात जमा.

बीपीवाल्यांचा खरा शत्रू मीठ, आणि आपल्याकडे ते लपून येतं. कांदा-लसूण चटणी वर्षाची कुटून ठेवतो, तिच्यात मीठ असतंच. मग तीच चटणी घालून केलेल्या आमटीत आपण पुन्हा मीठ टाकतो. मिसळीचा कट, वर फरसाण, संध्याकाळी भडंग, जेवणात पापड, लोणचं, खारवलेली मिरची. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाभर, सगळं धरून. उपाय साधा: या उन्हाळ्यात चटणी करताना तिच्यात मीठ अर्धंच घाला, किंवा घालूच नका, आणि आमटीत चव बघूनच घाला. तिखटानं बीपी वाढत नाही, तेव्हा झणझणीतपणाला धक्का नाही. सैंधव मिठानंही बीपी वाढतंच. आणि बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं; किडनीचा आजार असलेल्यांनी आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये.

मिसळ महिन्यातून एखाद्या वेळी खायचीच असेल तर कट कमी, मटकी जास्त मागा, ब्रेडची जादाची प्लेट नको. दुकानदार हसेल. हसू द्या.

तंबाखू, मावा, मिश्री यांचं काय सांगायचं? मिश्री ही तंबाखूच आहे आणि दात घासण्याच्या नावाखाली आज्जी दिवसातून चार वेळा लावतात. हृदय, पायाच्या रक्तवाहिन्या, तोंड, तिन्हीकडे नुकसान. बाकी सगळं नीट करून हे चालू ठेवलं तर बाकीच्या कष्टांचा मोठा भाग वाया जातो.

पाय, चपला आणि नवरात्र

मधुमेहाला बरीच वर्षं झाली की काहींच्या पायाची जाणीव कमी होते. काटा रुतलेला कळत नाही, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही. अशा पायाला नवी करकरीत कोल्हापुरी घातक आहे. ज्यांचे पाय शाबूत आहेत तेही पहिला आठवडा तिचा चावा सोसतात. बधिर पायाला तो चावा लागतच नाही, जखम मात्र होते. अंगठ्याची पट्टी, बोटांच्या बेचक्यातला घासा, कडक तळ, तिन्ही गोष्टी चुकीच्या. चप्पल लाईनमधून, म्हणजे कोल्हापुरीच्या बाजारातून, पाहुण्यांसाठी जरूर न्या, पण स्वतःला मागे पट्टा असलेली, मऊ एमसीआर (मधुमेहींच्या चपलांना लावतात ते मऊ रबर) तळाची चप्पल घ्या. ती संध्याकाळी घ्या, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

रोज झोपण्याआधी पाय बघा. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा किंवा नातवाला बघायला लावा. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा. कुरूप ब्लेडनं कापू नका, शेकायला गरम पाण्याची पिशवी नको, आणि पाय बुडवण्याआधी पाणी कोपरानं तपासा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाची जाणीव, डोळ्याचा पडदा, लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून घ्यायचं असतं. चारपैकी डोळा सगळ्यात जास्त विसरला जातो, कारण नुकसान बरंच पुढे जाईपर्यंत दिसायला नीट असतं.

नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहण्याची पद्धत कोल्हापुरात मोठी आहे, आणि ती मोडा असं सांगणारा मी कोण. पण पाय बधिर असेल तर हे व्रत दुसऱ्या रूपात करावं असं माझं ठाम मत आहे. अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत जाड सुती मोजे घाला, तापलेल्या फरशीपासून तेवढाच बचाव होतो. घरी आल्यावर पाय धुऊन नीट बघा. चैत्रात जोतिबाचा डोंगर चढणाऱ्यांनाही हेच लागू.

उपासाचं वेगळं गणित. साबुदाण्याची खिचडी, वरई, रताळं, बटाटा म्हणजे स्टार्चच स्टार्च, शुगर वाढते. उलट काहीच न खाता ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतलं तर शुगर धोकादायक खाली जाते. घटस्थापनेच्या आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारून उपासाच्या दिवसांचं वेळापत्रक लिहून घ्या. उपासाला दही, ताक, शेंगदाणे, राजगिरा, फळ यांचा आधार घ्या. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यापुढे अंधारी आली आणि मीटरवर ७० च्या खाली आकडा असेल तर उपास तिथेच संपला: तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर परत द्या, मग काहीतरी खा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

हालचाल

आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. रंकाळ्यावर गप्पा मारत टाकलेली संथ फेरी मनाला चांगली, पण थोडा दम लागेल इतका वेग हवा: बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. तरुणपणी तालमीत घाम गाळलेल्यांनी जुन्या जोराच्या आठवणीवर एकदम बैठका सुरू करू नयेत. सांधे सुजले असतील त्या दिवशी जोर कमी, पण पूर्ण बंद नाही. चालताना छातीत जडपणा आला तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी दाखवा.

"मुळासकट" वाले

मधुमेह, रक्तदाब, संधिवात बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्यानं बंदी आहे. म्हणजे जो छातीठोकपणे तशी जाहिरात करतो, तो पहिल्याच पायरीवर कायदा मोडतो. संधिवात आणि दम्यासाठी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं आढळल्याची उदाहरणं डॉक्टरांना नवी नाहीत. खूण सांगतो: दोन दिवसांत चमत्कार वाटावा इतका आराम, भूक वाढणं, मग चेहरा गोल होणं, शुगर आणि बीपी चढणं. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, त्यानंही धोका होतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. नोंदणीकृत वैद्यांचा उपचार घेणं वेगळं. तो घेतानाही चालू गोळ्या स्वतःहून थांबवायच्या नाहीत आणि आकडा मोजत राहायचं.

सगळ्यात फसवा क्षण असतो आकडा नॉर्मल आल्यावरचा. "आता नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?" तो गोळीमुळे नॉर्मल आहे. कमी करता येईल का, हे जरूर विचारा; ठरवायचं त्यांनी.

पैसा

खर्च सगळ्यांना लागतो, बोलत कुणी नाही. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, आणि तिशीच्या पुढच्यांची तपासणीही होते. मोठा प्रश्न असेल तर कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवरचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, आपला थोरला दवाखाना, वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेला असल्यानं तिथं तज्ज्ञ मिळतात. सकाळी लवकर जा, फाईल आणि वही घेऊन. जनऔषधी केंद्रात मूळ नावाची औषधं बरीच स्वस्त पडतात. चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव लिहून मागा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिससारखे उपचार आणि दाखल होण्याचा खर्च बसतो, रोजच्या गोळ्या बसत नाहीत. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आत्ताच बघा. ॲम्ब्युलन्समधून बघायची ती गोष्ट नाही.

घरातली माणसं

पथ्य एकट्याचं केलं की ते टिकत नाही. आजारी माणसाच्या ताटात बिनमिठाची आमटी आणि बाकीच्यांच्या ताटात पापड, असं महिनाभरच चालतं. आमटी सगळ्यांचीच कमी मिठाची करा. पण पहारेकरीही होऊ नका. पाहुण्यांसमोर "यांना शुगर आहे, लाडू देऊ नका" असं ओरडलं की माणूस पुढच्या वेळी चोरून खातो. गोळ्यांचा आठवड्याचा डबा रविवारी भरायचं काम एकानं अंगावर घ्यावं. आणि कायमच्या आजारात उदासी येते: झोप उडते, कशात रस वाटत नाही, गोळ्या "कशाला घ्यायच्या" असं बोलणं सुरू होतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचार आहेत.

एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं, छातीत दाब, पंप घेऊनही न थांबणारा दम: यात घरगुती काहीही करत बसू नका, १०८. उलट्या-जुलाब होत असतील तर मेटफॉर्मिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि बीपीच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कुठल्या, ते आधीच विचारून वहीत लिहा.

पुराची पिशवी

बाहेरच्या लेखांत हा भाग सापडणार नाही, पण २०१९ च्या ऑगस्टचा आणि २०२१ च्या जुलैचा कोल्हापूरचा पूर ज्यांनी बघितला त्यांना तो सांगायला नको. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला की गावाला येणारी औषधंही थांबतात. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, चिखली, आंबेवाडी, शिरोळचा नदीकाठ, इथल्या घरांत जून ते सप्टेंबर किमान तीन आठवड्यांच्या गोळ्या शिल्लक हव्यात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ३९ ची बातमी आली की पिशवी दाराशी आणा, ४३ ची वाट बघू नका.

पिशवीत: पाणी न शिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या थैलीत गोळ्या मूळ पट्ट्यांसह, चिठ्ठीची झेरॉक्स, वही, ग्लुकोमीटर आणि पट्ट्या, पंप आणि स्पेसर, साखरेची पुडी, ओआरएस, सुती मोजे, बॅटरी सेल. चिठ्ठीचा फोटो गावाबाहेरच्या एका नातेवाइकाच्या मोबाईलवरही ठेवा.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायचं, फ्रीजरमध्ये कधीच नाही. गोठलेलं निकामी होतं. चालू पेन किंवा बाटली पावसाळी हवेत बाहेर साधारण चार आठवडे चालते, बरोबर मुदत खोक्यातल्या कागदावर बघा. वीज गेली तर मातीच्या भांड्यात पाणी, त्यात दुसरं लहान भांडं, आणि लहान भांड्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं इन्सुलिन, वर ओला कपडा. डायलिसिसवर असलेल्यांनी पाणी चढायच्या आधीच केंद्राच्या बाजूला नातेवाइकांकडे मुक्काम हलवावा, आणि केंद्राला फोन करून पुढच्या तारखा पक्क्या कराव्यात. रस्ता बंद झाल्यावर बोटीची वाट बघत एक सत्र चुकवणं परवडत नाही.

मधुमेहींनी पुराच्या पाण्यात अनवाणी उतरू नये. गमबूट घाला, आणि जखम झालीच तर त्याच दिवशी धुऊन दाखवा. पाण्यातून चालल्यावर काही दिवसांत ताप आला तर लेप्टोची (उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराची) शक्यता असते, डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं सांगा. घरी परतल्यावर भिजलेल्या पट्ट्या वाळवून वापरू नका, टाकून द्या. बीपीचं यंत्र पाण्यात गेलं असेल तर ते चालू होत असलं तरी त्याच्या आकड्यावर विसंबू नका.